फेरीवाल्यांचे प्रश्न : परवाना, पावती आणि जप्ती

प्रश्न : मी ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका गल्लीच्या तोंडाशी अकरा वर्षे पालेभाजी विकते. त्याआधी तिथे माझे सासरे बसत. त्यांच्या नावाचा जुना परवाना घरात आहे. ते चार वर्षांपूर्वी वारले. गेल्या महिन्यात अतिक्रमणाची गाडी आली आणि दोन टोपल्या भाजी, वजनकाटा, ताडपत्री असे सगळे उचलून नेले. हातात कागद काहीच दिला नाही. संध्याकाळी सोडवायला गेले, तर ‘जप्तीचा कागद दाखवा’ असे सांगितले. सासऱ्यांच्या परवान्यावर मला बसता येईल का? आणि पुन्हा असे झाले तर काय करावे? — एक भगिनी, ठाणे

उत्तर : आधी परवान्याचे पाहू. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा १ मे २०१४ पासून अमलात आला. त्यापूर्वी मिळालेल्या परवान्याला या कायद्याने मान्यता दिली आहे, मात्र तो परवाना जितक्या मुदतीसाठी दिला होता तितक्याच मुदतीपुरती. परवानाधारक मरण पावल्यास त्याच्या जागी आधी पती किंवा पत्नीस आणि त्यानंतर अवलंबून असलेल्या अपत्यास, विक्री प्रमाणपत्राची, म्हणजे या कायद्याखालील परवान्याची, मुदत संपेपर्यंत विक्री करता येते. या क्रमात सुनेचा उल्लेख नाही. त्यामुळे सासऱ्यांच्या कागदावर विसंबून न राहता आपण स्वतःच्या नावाने विक्री प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा, हेच हिताचे आहे. जुना परवाना मात्र टाकून देऊ नये, कारण त्या जागी आपल्या कुटुंबाचा धंदा किती वर्षांचा आहे, हे सांगणारा तो सर्वांत जुना कागद आहे.

प्रमाणपत्राची वाट सर्वेक्षणातून जाते. नगर पथविक्रेता समितीने, म्हणजे फेरीवाल्यांविषयीच्या शहराच्या समितीने, आपल्या हद्दीतील सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे आणि दर पाच वर्षांनी किमान एकदा ते पुन्हा करावे, असे कायद्यात आहे. मागील सर्वेक्षणात आपले नाव नोंदले गेले होते का, याची लेखी विचारणा आपल्या प्रभाग समितीच्या कार्यालयात करावी. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय तेथून निघू नये. तोंडी विचारणेला तोंडीच उत्तर मिळते, आणि त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असावे लागतात व त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. अशा एखाद्या प्रतिनिधीला सोबत घेता आले तर अवश्य घ्यावे.

आता जप्तीविषयी. आपला माल ज्या पद्धतीने नेला गेला ती पद्धत कायद्याला धरून नाही, हे मी स्पष्टपणे लिहितो. कलम १८ प्रमाणे विक्रेत्याला हटवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. कलम १९ प्रमाणे माल जप्त करताना त्याची यादी करून, जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. ठरलेले शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत करण्याचे बंधन आहे. आपल्याकडे जो कागद मागितला गेला, तो देण्याची जबाबदारी जप्त करणाऱ्यांचीच होती. पुन्हा तशी वेळ आलीच तर झटापट करू नये. शांतपणे यादी मागावी, गाडीचा क्रमांक व वेळ लिहून घ्यावी, शेजारच्या दुकानदाराला साक्षीदार ठेवावे आणि यादी नाकारली गेल्यास त्याच दिवशी तशी लेखी तक्रार द्यावी. अशा तक्रारींसाठी कलम २० मध्ये निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील तक्रार निवारण समितीची तरतूद आहे.

एक अडचण मात्र आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये रेल्वे स्थानके व पालिकेच्या मंडया यांच्यापासून दीडशे मीटर, तर प्रार्थनास्थळे, शिक्षणसंस्था व रुग्णालये यांच्यापासून शंभर मीटरच्या आत फेरीचा धंदा करण्यास मनाई केली. जांभळी नाक्याच्या परिसरात मंडईही आहे आणि कौपिनेश्वराचे मंदिरही आहे. आपली जागा या अंतरात येत असेल, तर त्याच ठिकाणी बसण्याचा आग्रह टिकणे अवघड आहे. तेव्हा अर्जातच पर्यायी जागेची मागणी जोडावी. सर्वेक्षणात आढळलेल्या विक्रेत्यांना फेरीवाला क्षेत्रात सामावून घेण्याचे तत्त्व कायद्यातच आहे, फक्त त्याला प्रभाग, क्षेत्र किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के ही मर्यादा आहे.

बसण्याच्या जागेसाठी रोज भरलेल्या शुल्काच्या ज्या पावत्या आपण प्रश्नासोबत पाठवल्या, त्यांच्या छायाप्रती पाहिल्या. मेथीच्या ओलाव्याने डाग पडून त्यांतल्या निम्म्यांवरच्या तारखा पुसट झाल्या आहेत. रोजची पावती म्हणजे परवाना नव्हे, परंतु आपण त्या दिवशी तिथे बसला होता याचा तो पुरावा आहे. या पावत्या आजच कोरड्या पाकिटात ठेवाव्यात व प्रत्येकीचे छायाचित्र काढावे. फेरीवाल्यांसाठीच्या प्रधानमंत्री स्वनिधी योजनेतून कर्ज घेतले असल्यास त्या कर्जाची कागदपत्रेही सोबत जोडावीत. त्यांनी जागा मिळत नाही, पण धंदा सिद्ध होतो.

प्रश्न : कळव्यात भाड्याच्या गाळ्यात शिवणकामाचे दुकान सुरू केले आहे. दोन मदतनीस आहेत. गुमास्ता परवान्यासाठी, म्हणजे दुकानाच्या नोंदणीसाठी, महापालिकेत जावे लागेल का?

उत्तर : नाही. ठाण्यात हे काम कामगार विभागाकडे आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार आपल्यासारख्या लहान दुकानाला नोंदणी घ्यावी लागत नाही. धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना दिली आणि तिची पोच घेतली की पुरे. दुकानाचा नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे बंधनकारक आहे. मात्र ही पोच म्हणजे गाळा अधिकृत असल्याचा दाखला नव्हे, म्हणून भाडेकरार नोंदवून घ्यावा.

प्रश्न : घोडबंदर रोडला एका गृहस्थांच्या नावावर विक्री प्रमाणपत्र आहे. ते स्वतः बसत नाहीत. दरमहा भाडे देऊन त्यांच्या जागेवर वडापावची गाडी लावण्याचा विचार आहे. अनामत रक्कम मागत आहेत. द्यावी का?

उत्तर : देऊ नये. प्रमाणपत्र घेताना प्रत्येक विक्रेता लेखी हमी देतो की धंदा तो स्वतः किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्ती करील, उपजीविकेचे दुसरे साधन त्याला नाही आणि प्रमाणपत्र तो भाड्याने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे दुसऱ्याला देणार नाही. ही हमी मोडल्यास सुनावणी घेऊन प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. तसे झाले तर त्या गृहस्थांची जागा जाईल आणि आपली अनामत बुडेल. अशा बेकायदा कराराच्या जोरावर ती परत मागणे आपल्याला फार कठीण जाईल. माझ्या ओळखीतील एका तरुणाने आईचे दागिने गहाण ठेवून अशी गाडी घेतली होती आणि तीन महिन्यांत ती उचलली गेली, म्हणून इतक्या कळकळीने लिहीत आहे. स्वतःच्या नावाने अर्ज करावा. खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार फेरीवाल्याला परवाना लागत नाही, परंतु नोंदणी आवश्यक आहे. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत घरून डबे किंवा ऑर्डरप्रमाणे वडे देण्याचे काम सुरू करता येईल. त्यालाही हीच नोंदणी लागते, तेव्हा ती आधी करून घ्यावी.