व्हिडिओ बंद कर आणि करून बघ

प्रिय बाळा,
सप्रेम आशीर्वाद.

सोयाबीनची रास घरात आली आणि तू पुन्हा अभ्यासाला बसलीस, हे वाचून बरं वाटलं. सीसीएनएच्या, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या, कोर्सचे साठ टक्के व्हिडिओ झाले म्हणतेस, आणि खाली लिहितेस, ‘तरी काहीच आठवत नाही काका.’ स्क्रीनवरचा तो आकडा व्हिडिओ किती चालला एवढंच सांगतो. तुला किती आलं, ते त्याला कुठून कळणार?

तू लातूरची. तिथल्या पॅटर्नचं नाव झालं त्यात चाचणी, चुका, पुन्हा चाचणी या रगड्याचा वाटा मोठा. ऑनलाइन कोर्समध्ये तो रगडा लावणारं कुणी नसतं, आपणच लावून घ्यायचा. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिलेले पुढे.

म्हणून व्हिडिओ संपला की लॅपटॉप मिटव आणि कोरं पान घे. सबनेटिंगचंच बघ, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे छोटे गट पाडणं. १९२.१६८.१०.७७, स्लॅश २६. हा पत्ता कुठल्या नेटवर्कातला? पत्त्याच्या ३२ बिटांपैकी २६ नेटवर्कचे, उरले ६, त्यात चौसष्ट पत्ते मावतात. म्हणून चौसष्ट-चौसष्टचे गट पडतात: ०, ६४, १२८, १९२. ७७ बसतो ६४ च्या गटात. नेटवर्कचा पत्ता शेवटी ६४ चा, ब्रॉडकास्ट, म्हणजे गटातल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता, १२७ चा, मधले ६२ मशीनना द्यायला मोकळे. रोज अशी दहा गणितं, जेवणाआधी, तोंडी यायला लागेपर्यंत. परीक्षा १२० मिनिटांची आणि पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही.

पहिल्या वेळी मी नापास झालो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. सगळे व्हिडिओ दोनदा बघितले होते. समोर स्विच, म्हणजे मशीन एकमेकांना जोडणारी पेटी, जोडायला आला आणि ट्रंकची, म्हणजे दोन स्विचमधल्या सामायिक वाटेची, साधी कमांड हाताला सुचेना. बघितलेलं डोळ्यांत होतं, बोटांत नव्हतं. तू पॅकेट ट्रेसर उतरवून घे, स्क्रीनवरच नेटवर्क जोडून बघायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. एकदा लॉग-इन टिकवून ठेवलं की काही दिवस नेटशिवायही चालतं, त्यामुळे गावाकडे रेंज गेली तरी तुझं काम अडायचं नाही. जोडणी चालू झाली की मुद्दाम मोड. एक केबल काढ, एका पोर्टचा व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) चुकव, दुसऱ्या दिवशी बिघाड शोध. नोकरीत हेच काम असतं. वाळूजच्या कारखान्यात लाइन थांबली की व्याख्या कुणी विचारत नाही.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. संज्ञा इंग्रजीच ठेव, समजून मात्र मराठीत घे. व्हीलॅन म्हणजे एका वाड्यात भावाभावांच्या वेगळ्या चुली. ट्रंक म्हणजे सगळ्यांचा माल आत येतो तो एकच दरवाजा, फक्त प्रत्येक पोत्यावर कुणाचं ते लिहिलेलं. अशी तुझी स्वतःची वाक्यं वहीत लिही. लिहिताना अडलीस, तर तो भाग अजून कच्चा आहे.

वेळ कमी असेल तर आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात वाट काढण्याच्या भागाला, जास्त दे. परीक्षेत एकट्या त्या भागाला २५ टक्के वजन आहे.

आणि एक कळकळीने सांगतो. कुणी तयार प्रश्नांची फाइल विकायला आला तर घेऊ नकोस. सापडलं तर निकाल रद्द होतो. नाही सापडलं तर मुलाखतीत पाचव्या मिनिटाला उघडं पडतं, आणि तेव्हा तुझे आईवडील बाहेर बाकावर बसलेले असतात. परीक्षेची फी ३०० डॉलर, वर कर. घरातल्या कष्टाचा पैसा आहे तो. सलग तीन सराव चाचण्या स्वतःच्या जिवावर नीट गेल्या की मगच तारीख घे.

येत्या रविवारी दोन स्विच, एक राउटर आणि तीन व्हीलॅनची जोडणी करून फाइल मला पाठव. मी त्यात एक बिघाड करून परत पाठवतो. कुठे केला ते सांगणार नाही.

तुझा,
काका