पोरं तालमीची, टीम कॉलेजची

प्रश्न : आमच्या कॉलेजला यंदा नवे फुटबॉल कोच आले. आल्या आल्या त्यांनी ४-४-२ (चार बचावात, चार मध्ये, दोन पुढं) मोडून ४-३-३ लावली. सराव सामन्यांत आम्ही जास्त गोल कडेनंच खाल्ले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आहे. जुन्यावर परत जावं का?
– जिमखाना प्रतिनिधी, कोल्हापूर

उत्तर : जाऊ नका. दोन आठवड्यांत दोनदा पद्धत बदलली की पोरांना दोन्ही येत नाहीत. गोल का बसतायत ते आधी बघा. ४-४-२ मध्ये कडेच्या प्रत्येक बॅकच्या पुढं कडेचा हाफ उभा असायचा. आता तिथं विंगर आहे आणि तो वर गेला की परत येत नाही. त्यात बॅकही ओव्हरलॅपला, म्हणजे विंगरच्या बाहेरून पुढं गेला, पास तुटला, की त्याच्या मागचं मैदान मोकळं. मधले तीन हाफ सगळी रुंदी झाकू शकत नाहीत.

सोपा नियम ठेवा : एका वेळी एकच बॅक वर जाईल. दुसऱ्या बाजूच्या बॅकनं दोन स्टॉपरच्या (मधल्या बचावपटूंच्या) ओळीत यायचं आणि मधल्या हाफनं त्यांच्या पुढं थांबायचं. म्हणजे आपला हल्ला चालू असताना बॉलच्या मागं कीपर सोडून चार जण हवेतच.

हे बसवायला मैदानाची पूर्ण रुंदी आणि अर्धी लांबी घ्या. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सहा आणि कीपर. चार मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. बॉल तुटला त्या क्षणी शिट्टी मारा आणि सगळ्यांना जिथल्या तिथं उभं करा. हल्ला करणाऱ्या टीमचे मागचे गडी मोजा. तीनच निघाले तर कोण चुकला ते त्यालाच सांगायला लावा आणि डाव तिथूनच परत सुरू करा. कोचनं बाहेरून ओरडून हे बसत नाही. बॉल गेल्यावर जवळच्या दोघांनी पाच सेकंद तुटून पडायचं. नाही मिळाला तर सगळ्यांनी खाली यायचं. तिसराही धावला की मध्ये खिंडार पडतं, आणि पेठेतल्या पोरांना तिसरा व्हायची फार हौस असते.

आणखी एक. तालमीकडून, म्हणजे पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून, स्टॉपर खेळणाऱ्याला तुमच्याकडं बॅक केलं असेल, तर तो सवयीनं मध्ये सरकणार आणि कड मोकळी राहणार. कोण कुठल्या तालमीत कुठं खेळतो, हे कोचनं पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्यायला हवं.

प्रश्न : शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग सुरू झाली की आमची पोरं तालमीकडूनही खेळतात आणि हमखास कुणाची तरी हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू) धरते. पोरांना तालमीत जाऊ नका म्हणावं का?
– क्रीडाशिक्षक, कसबा बावडा

उत्तर : म्हणून बघा, ऐकणार कोण? त्यापेक्षा भार मोजा. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं प्रत्येकाला विचारा, ० ते १० मध्ये किती दमलास? त्या आकड्याला मिनिटांनी गुणा. साठ मिनिटांचा सराव आणि दमणूक ६, म्हणजे ३६०. नव्वद मिनिटांची मॅच आणि दमणूक ८, म्हणजे ७२०. तालमीची मॅचही यातच धरा. बहुतेकांचं गणित इथंच चुकतं, कारण कॉलेजच्या वहीत रविवार कोरा असतो आणि सोमवारी कोच स्प्रिंट लावतात. एखाद्याचा आठवड्याचा आकडा १८०० वरून एकदम ३००० वर गेला, तर त्याला हलकं काम द्या.

सोबत नॉर्डिक व्यायाम हवा. सतरंजीवर गुडघे टेकायचे, जोडीदारानं घोटे घट्ट दाबायचे, कंबर न मोडता जमेल तितकं सावकाश पुढं झुकायचं आणि शेवटी हातावर पडायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, ५ चे दोन सेट. दुसऱ्यात दोनदा, ६ चे दोन. तिसऱ्यात तीनदा, ६ ते ८ चे तीन. मागची मांडी सुरुवातीला चांगलीच दुखते, म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी नको. त्या दुखण्याला घाबरून पहिल्याच आठवड्यात सोडून देतात, तिथं सगळं फुकट जातं. धावताना कळ येऊन पोरगा थांबला, तर त्याला त्या दिवशी परत उतरवू नका. चोळून तर अजिबात नको.

प्रश्न : कीपरनं बॉल धरून ठेवला म्हणून रेफरीनं चक्क कॉर्नर दिला. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : बरोबर आहे. २०२५-२६ च्या नियमांपासून कीपरला बॉल हातात आठ सेकंदच ठेवता येतो. त्याहून जास्त ठेवला तर समोरच्या टीमला कॉर्नर. आधी सहा सेकंदांचा नियम होता आणि इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत) मिळायची, पण ती क्वचितच कुणी द्यायचं. आता शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. मोजणी बॉल कीपरच्या पक्क्या ताब्यात आल्यापासून सुरू होते, म्हणून आघाडी असताना जमिनीवर लोळून वेळ काढायची सवय मोडा. सरावात कीपरनं बॉल पकडला की एका बॅकनं मोठ्यानं आकडे मोजायचे आणि पाचाच्या आत बॉल सुटलाच पाहिजे.