पाच गावं, एक दिवस आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : ताई, मुलगा मिलानला नोकरीला आहे म्हणून मे एंडला आम्ही दोघं आणि सासूबाई (वय 71) इटलीला चाललोय. फ्लोरेन्सला तीन दिवस आहोत, त्यातला एक दिवस चिंक्वे तेर्रेची ती समुद्रकाठची पाच रंगीत गावं बघायचीत. एका दिवसात पाचही होतील का? बोट बरी की ट्रेन? सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या प्युअर व्हेज आहेत. – एक वाचक, ठाणे

उत्तर : होतील, पण नका करू. फ्लोरेन्सहून ला स्पेत्सियाला, म्हणजे जिथून या गावांच्या लोकल गाड्या सुटतात त्या शहराला जायलाच अडीच तासांच्या आसपास लागतात, म्हणजे येऊन-जाऊन पाच तास गाडीतच गेले, उरलेल्या वेळात पाच गावं म्हणजे प्रत्येक ठिकाणी उतरा, फोटो काढा, परत प्लॅटफॉर्मवर उभे राहा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच केलं आणि आता अल्बम बघताना कुठलं घर कुठल्या गावातलं यावर घरात भांडणं होतात.

तुम्ही कोर्निलिया सरळ गाळा. पाचातलं हे एकच गाव पाण्यालगत नाही, समुद्रापासून साधारण 100 मीटर उंच कड्यावर बसलंय आणि स्टेशन खाली. वर जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या. छोटी बस असते पण गर्दीत तिच्या भरवशावर सासूबाईंना उभं करू नका. बोटही तिथे लागत नाही.

सकाळी शक्य तितक्या लवकर निघा, ला स्पेत्सियाला ट्रेन कार्ड काढा, त्यात दिवसभर या गावांमधल्या लोकल गाड्यांत कितीही वेळा चढा-उतरा. कागदी कार्ड असेल तर चढायच्या आधी मशीनमध्ये पंच करायचं, ते विसरलात तर दंड बसतो. आणि गाडी पाचही गावांना थांबणारी आहे ना ते बोर्डावर बघूनच बसा. आम्ही घाईत समोर आली त्या गाडीत चढलो, बोगदा, एक क्षण निळंशार पाणी, परत बोगदा, असं करत रिओमाज्जोरे, मानारोला, सगळं खिडकीतून मागे गेलं आणि उतरलो ते थेट शेवटच्या मोंतेरोस्सोला! कोकण रेल्वेने जाणाऱ्याला ती बोगद्यांची गंमत नवी नाही, पण थांबेच गेले की काय करणार.

पहिलं रिओमाज्जोरे. तिथून मानारोलाला समुद्राच्या कडेने ‘प्रेमाची वाट’ जाते, विया देल्लामोरे. 2012 मध्ये दरड कोसळली म्हणून ती बारा वर्षं बंद होती, 2024 मध्ये उघडली. एक किलोमीटरही नाही आणि बरीचशी सपाट, त्यामुळे सासूबाईंना जमेल. फक्त वेळेचा स्लॉट आधी ऑनलाइन बुक करा. मानारोलात जेवा, मग ट्रेनने वेरनात्सा, आणि तिथून मोंतेरोस्सोला मात्र बोटीने जा. तिथले लोक सांगतात की मच्छीमारांना लांबून आपलं घर ओळखू यावं म्हणून रंग दिले, खरं-खोटं तेच जाणोत, पण बोटीतून गुलाबी-पिवळी-केशरी घरं एकावर एक चढलेली दिसली की पटतं. समुद्र खवळला तर बोटी बंद, मग आहेच ट्रेन.

बोटीतून घरांच्या वरसुद्धा नजर टाका. डोंगरभर आडव्या रेघा दिसतील, ते सगळे गडगे. आपल्या कोकणातल्यासारखेच, चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड, आणि मधल्या पट्ट्यांत द्राक्षं. 1997 मध्ये युनेस्कोने यादीत घेतलं ते नुसत्या रंगीत घरांसाठी नव्हे, या शेतीसाठीसुद्धा. शेती सोडून लोक गेले की गडगे ढासळतात आणि डोंगर खाली येतो. 25 ऑक्टोबर 2011 च्या पावसात वेरनात्साच्या मुख्य रस्त्यावर चिखल-दगडांचा ढीग साचला होता, आज तिथे आइस्क्रीम खात फिरताना ते खरंही वाटत नाही.

खाण्याचं टेन्शन नको. फोकाच्चा, म्हणजे तिथला ऑलिव्ह ऑइल लावलेला जाड चपटा पाव, मिळतो, आणि फारिनाता नक्की घ्या, ते चक्क बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह ऑइल. मोठ्या थाळ्यात ओतून भट्टीत भाजतात, कडा कुरकुरीत, आत मऊ, वर मिरपूड. माझ्या आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अगं हे धिरडंच की, हिरवी मिरची राहिली फक्त.” पेस्तो (बेसिलच्या पानांची हिरवी चटणी) घातलेला पास्ताही मिळेल, पण त्यातल्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं, हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मोंतेरोस्सोची खासियत मात्र अँकोव्ही मासे, त्यामुळे ऑर्डर देताना विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही चार मित्र चिंक्वे तेर्रेला जातोय, ट्रेन नको, चालायचंय. सँडल चालतील? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पट्ट्याच्या चपला अजिबात नाहीत, ट्रेलवर त्यासाठी दंडही होऊ शकतो. वेरनात्सा-मोंतेरोस्सो करा, साडेतीन किलोमीटर, पण चढ-उतार धरून दोन तास जातात, आणि या वाटेलाही ट्रेकिंगचं कार्ड लागतं. पाणी भरून घ्या. नाशिकचे आहात तर उतरल्यावर शाक्केत्रा चाखा, द्राक्षं सुकवून केलेली गोड वाइन आहे, महाग असते, चौघांत एकच ग्लास मागवला तरी कोणी काही म्हणत नाही.