गुण भरपूर, पण मूल्यमापन कशाचं?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात बी.ए. समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला चाळीस मुलं आणि शिकवणारे तिघं. निकाल चांगला लागतो. नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद) गुणांवरून अध्ययन निष्पत्तीचे, म्हणजे शिकून मुलांना काय करता यायला हवं त्याचे, तक्ते भरतो, पण मुलं नेमकं काय शिकली हे त्यातून कळत नाही. काय करावं? – प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : कळणार नाहीच. एका विद्यार्थ्याच्या गुणांत पाठांतर, अक्षर, हजेरी आणि परीक्षकाचा मूड सगळं मिसळलेलं असतं. अंतर्गत गुणांत तर वीसपैकी अठरा सर्रास पडतात. त्यामुळे सगळ्या निष्पत्ती एकदम तपासू नका, यंदा एकच घ्या : संकल्पना प्रत्यक्ष माहितीला लावता येते का?

चाळीस प्रकल्प अहवालांतले वीस घ्या. चिठ्ठी टाकून पहिला की दुसरा ते ठरवा आणि तिथून हजेरीपटावरचा एक सोडून एक उचला. ‘चांगले’ निवडलेत तर सगळं मुसळ केरात. मुखपृष्ठ काढून सांकेतिक क्रमांक टाका आणि फक्त निष्कर्षाचं प्रकरण वाचा. एकाला पंधरा मिनिटं धरली तरी प्रत्येकी पाच तासांत काम होतं.

पातळ्या चार ठेवा. समजा, विषय चप्पल लाईनमधल्या, म्हणजे तुमच्या कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारातल्या, कारागिरांचा आहे. जातिव्यवस्थेची व्याख्या उतरवून काढली आणि मुलाखतींचा पत्ताच नाही, तर पहिली पातळी. ‘कारागिरांची मुलं धंद्यात नाहीत, म्हणजे जात संपली’ ही दुसरी : माहिती आहे, पण उडी मोठी. मुलं कुठल्या कामाला गेली, दुकानाचा मालक कोण आणि शिवणारा कोण, हे मुलाखतींतून दाखवून व्यवसाय बदलणं आणि जात सुटणं यांत फरक केला, तर तिसरी. आपल्या निष्कर्षाच्या विरोधात जाणारी मुलाखतही विचारात घेतली, तर चौथी.

उरलेल्या वीसातले तीन अहवाल आधी तिघांनी मिळून वाचून वाद घाला. निवडलेले वीस मात्र दोघांनी वेगवेगळे वाचून प्रत्येकाला पातळीचा आकडा द्यायचा, एकमेकांचे आकडे न बघता. दोन पातळ्यांचा फरक पडला तर तिसऱ्याकडे द्या. वीसपैकी चौदा ठिकाणीसुद्धा आकडे जुळले नाहीत तर दोष मुलांचा नसून तुमच्या पातळ्यांच्या शब्दांचा. ‘सखोल विश्लेषण’ असलं काही लिहिलं की हमखास असं होतं.

सरासरी काढून मोकळे होऊ नका. ‘२.३’वरून काहीच सुचत नाही. ‘बारा जण दुसऱ्या पातळीवर अडकले’ यावरून सुचतं. मग दुसऱ्या वर्षाला दर पंधरवड्याला अर्ध्या तासाचा सराव ठेवा : मुलाखतीच्या न वाचलेल्या आठ ओळी द्यायच्या आणि त्यांतून काय म्हणता येतं, काय येत नाही, एवढंच लिहून घ्यायचं. ही तुकडी शेवटच्या वर्षाला आली की त्याच चार पातळ्या, तीच पद्धत.

मागच्या वर्षीचा अहवाल नाव बदलून आलेला दिसला तर तो मोजणीतून काढा, पण असे किती ते टिपून ठेवा. आणि हे आकडे कुणा शिक्षकाच्या मूल्यांकनाला जोडू नका. जोडले की सगळेच अहवाल चौथ्या पातळीवर जातील.

प्रश्न : पहिल्या आणि शेवटच्या वर्षी तीच चाचणी घेतली तर? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : घ्या, पण तुलना दोन्ही वेळा बसलेल्यांचीच करा. मधे शिक्षण सोडणाऱ्यांत कच्ची मुलं जास्त असली, तर कुणी काही न शिकताही सरासरी वर चढते.