माजी सैनिक आणि अनुसूचित जाती: अर्जात दोन्ही रकाने भरा

प्रश्न: माझे बाबा महार रेजिमेंटमध्ये नाईक आहेत. पुढच्या वर्षी 22 वर्षांची सेवा पूर्ण करून 41व्या वर्षी ते पेन्शनवर येतील. शिक्षण दहावी. आम्ही बौद्ध आहोत. अल्पसंख्याक माजी सैनिकांसाठी वेगळी भरती असते का?
– एक विद्यार्थिनी, वाशीम जिल्हा

उत्तर: अल्पसंख्याक म्हणून सरकारी नोकरीत वेगळ्या जागा नसतात. बाबांचा हक्क अनुसूचित जातीचा आणि माजी सैनिकाचा, आणि हे दोन्ही एकाच वेळी लागू होतात. 1990च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही हे आरक्षण आहे.

माजी सैनिकांचं आरक्षण समांतर असतं, म्हणजे ते प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजतात. समज, राज्यात गट-कच्या 200 जागा निघाल्या. 13 टक्क्यांप्रमाणे अनुसूचित जातीच्या 26, आणि त्यातल्या 15 टक्के, म्हणजे साधारण 4, माजी सैनिकांच्या. अर्जात एक जरी रकाना सुटला तरी बाबा या चारांच्या स्पर्धेतून बाहेर पडतात.

खरी अडचण जातीच्या दाखल्याची. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. बाबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' असेल, तर मूळ जात त्यातून सिद्ध होत नाही. मग आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद किंवा तहसील कार्यालयातल्या कोतवाल बुकातली जन्मनोंद शोधावी लागते. बाबा ड्युटीवर आहेत, त्यामुळे हे काम तू आणि आईनं आत्ताच हाती घ्या. केंद्राच्या भरतीसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढा.

वयाची काळजी नको. केंद्राच्या भरतीत वयातून सेवेची वर्षं वजा करतात: 41 वजा 22, उरले 19. हा आकडा कमाल वयोमर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसला की झालं. दहावी आणि 15 वर्षांची सेवा असल्यानं, तांत्रिक पात्रता नसलेल्या गट-कच्या पदवीवाल्या पदांनाही अर्ज करता येतो. बँकेच्या लिपिक भरतीत मात्र लष्कराचं विशेष शिक्षण प्रमाणपत्रही मागतात, ते बाबांकडे आहे का विचार. सेवा संपायला वर्ष राहिलं की युनिटच्या प्रमाणपत्रावर अर्ज सुरू करता येतात. निवृत्त झाल्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. डिस्चार्ज बुक आणि दहावीचं प्रमाणपत्र यांत नावाचं स्पेलिंग सारखं आहे का, हे बाबांनी युनिटमध्ये असतानाच पाहावं, नंतर दुरुस्तीला महिने जातात.

एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि त्यापायी चांगली संधी हातची जाते. माजी सैनिक म्हणून केंद्राची पहिली नियमित नोकरी धरली की पुढच्या भरतीत ते आरक्षण उरत नाही. पण रुजू होण्याआधी कुठे-कुठे अर्ज केले होते, त्यांची तारखांसह यादी रुजू होताच कार्यालयाला स्वयंघोषणेनं दिली, तर त्या अर्जांपुरता लाभ टिकतो. केंद्राचा हा आदेश 14 ऑगस्ट 2014चा आहे. खासगी किंवा करारावरच्या नोकरीनं हा हक्क जात नाही, त्यामुळे मधल्या काळात सुरक्षारक्षकाचं काम मिळालं तर बाबांनी ते खुशाल घ्यावं. अर्ज भरला की त्याच दिवशी वहीत पद, जाहिरात क्रमांक आणि तारीख लिहून पावती जोडून ठेव.