मुंबई ते ऑकलंड : अंतर विचारलंत म्हणून

मुंबईहून ऑकलंड किती लांब, किती तास लागतात आणि घरी गरज पडली तर लगेच येता येईल का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, पगार, घरभाडं याची माहिती सरकारी साइटवर आहे, ती मी लिहीत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाने काल झोप लागू दिली नाही, म्हणून लिहितेय.

सरळ रेषेत सुमारे १२,३०० किलोमीटर. आजघडीला थेट विमान नाही. सिंगापूर जवळजवळ त्याच रेषेवर येतं : मुंबई-सिंगापूर साडेपाच तास, पुढे साधारण दहा. तिकीट स्वस्त दिसलं तरी दुबईवरून जाऊ नका. आधी १,९०० किलोमीटर उलट दिशेला आणि मग १४,२०० किलोमीटर एका बैठकीत. मी तास मोजते ते कोथरूडच्या दारापासून. शुक्रवारी संध्याकाळी पाचला निघून, सगळं सुरळीत झालं, तर शनिवारी मध्यरात्र उलटून दीडला इथल्या घरी. घड्याळातला फरक वजा केला की सव्वीस तास.

एकटेपणाचं म्हणाल तर पहिले सहा महिने जड जातात, मग सवय होते.

शाळेचं मात्र नीट ऐका. इथलं वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं, मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत आणि तिकिटंही तेव्हाच सगळ्यांत महाग. गणपतीत तिसरी टर्म चालू असते. मुलगी आठ वर्षांची असताना मी दहा दिवसांची रजा मागायला गेले. बाई म्हणाल्या, सहलीसाठी शाळा बुडवू नये. सहल! मी मान डोलावून परत आले. तिला तेव्हा न्यायलाच हवं होतं. आता बाबांना पाटावर बसून पूजा करता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये ते न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. तीन दिवस भाऊ फोनवर सांगत होता, "बाबा झोपलेत." चौथ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बाबा दिसले आणि त्यांच्या उशीमागे भिंतीत ऑक्सिजनची नळी जोडायचा पॉइंट दिसला. तेव्हा कळलं, ऑपरेशनसुद्धा होऊन गेलं होतं. भाऊ म्हणाला, "तू एवढ्या लांबून येऊन काय करणार होतीस?" मी त्याच्याशी महिनाभर धड बोलले नाही. म्हणून सांगते, निघण्याआधी घरच्यांकडून कबूल करून घ्या : आधी कळवायचं, यायचं की नाही ते आम्ही ठरवू.

आणि पासपोर्टची मुदत संपायच्या बरंच आधी नूतनीकरण करा. त्या जुलैत माझा पासपोर्ट घरात नव्हता. सही चौकटीच्या रेषेला लागली म्हणून अर्ज परत आला, मग फोटोत कान दिसत नाहीत म्हणून पुन्हा. सात आठवडे गेले. भावाने पहिल्याच रात्री फोन केला असता तरी मी निघू शकले नसते. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.