वाचकांचे प्रश्न : तलावावरचे पाहुणे

थंडी पडल्यापासून आलेली बहुतेक पत्रं नागपूर परिसरातल्या तलावांवरच्या पाहुण्यांबद्दलच, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांबद्दलच होती. त्यातली सहा इथे घेतली आहेत.

गोरेवाडा तलावावर शेंडी बदकांच्या थव्यात चोचीच्या बुडाशी पांढरं असलेली एक मादी दिसली. मी ती स्कॉप (शेंडी बदकासारखंच दिसणारं दुसरं बदक) म्हणून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवली. तपासणाऱ्यांनी फोटो मागितला, तो दिला, तरी नोंद मान्य झाली नाही. कारण काय असावं?
— वाचक, काटोल रोड

दर हिवाळ्यात होणारी ही चूक आहे आणि ती नवख्यांकडूनच होते असंही नाही. शेंडी बदकाच्या बऱ्याच माद्यांना चोचीच्या बुडाशी पांढरं असतं. कुणाला नुसती रेघ, तर कुणाला चांगला रुंद पट्टा. त्यामुळे एवढ्या एका खुणेवर स्कॉप ठरत नाही. स्कॉप आपल्याकडे फारच क्वचित येतो, म्हणून त्याच्या नोंदीला पुरावाही तितकाच भक्कम लागतो.

आधी चोचीचं टोक पाहा. स्कॉपच्या चोचीवर काळं असतं ते फक्त अगदी शेंड्याला, नखाएवढं. शेंडी बदकाचं टोक आडवं, रुंद काळं असतं, बोट शाईत बुडवावं तसं. मग डोकं पाहा. स्कॉपचं डोकं गोल गरगरीत आणि शेंडी अजिबात नाही. शेंडी बदकाच्या मादीला मागे छोटा उंचवटा असतो. इथेच फसगत होते, कारण पक्षी बुडी मारून वर आला की शेंडी ओली होऊन मानेला चिकटते आणि डोकं गोल दिसतं. तुमच्या फोटोत पाठीवर पाण्याचे थेंब दिसतात, म्हणजे तो नुकताच वर आलेला आहे. बुड्या थांबवून पक्षी तरंगत विसावेपर्यंत, पिसं वाळेपर्यंत थांबायला हवं होतं. पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण खरी शेंडी तेव्हाच दिसते. तिसरी खूण आकाराची. स्कॉप शेजारच्या शेंडी बदकांपेक्षा अंगाने भारी दिसतो, म्हणून फोटोत तो एकटा नको, शेजारी पाहिजेत.

याच थव्यात आणखी एक घोळ होतो, नयनसरी या दुसऱ्या बदकाचा. शेपटीखाली पांढरं दिसलं की लोक नयनसरी लिहून मोकळे होतात. शेंडी बदकाच्या काही माद्यांनाही तिथे पांढरं असतं. डोळा बघा. शेंडी बदकाच्या मादीचा डोळा पिवळा असतो. नयनसरीच्या नराचा पांढरा आणि मादीचा गडद असतो. नयनसरीचं कपाळही चोचीपासून उतरत्या छपरासारखं सलग वर जातं.

फोटो सकाळी दहाच्या आत काढा आणि सूर्य पाठीशी ठेवा, म्हणजे सकाळी तलावाच्या पूर्वेकडच्या पाळीवर उभं राहा. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग कितीही महागडी लेन्स असली तरी चोचीचं टोक पुसटच येतं. नोंद अमान्य झाली म्हणून ती पुसली जात नाही. तुमच्या यादीत राहते, फक्त सार्वजनिक नकाशात येत नाही. नोंदवताना ‘शेंडी बदक / स्कॉप’ असा पर्याय निवडला असता तर काहीच बिघडलं नसतं. आमच्या मते खात्री नसताना तसं लिहिणं हेच जाणकाराचं लक्षण आहे.

थवा मोठा असला की आकडा कसा काढायचा? ‘भरपूर’ लिहिलं तर चालत नाही का?
— वाचक, मानेवाडा

चालत नाही. ‘भरपूर’ची पुढच्या वर्षीच्या ‘भरपूर’शी तुलना कशी करणार? आधी दहा पक्षी एक-एक मोजा आणि त्या दहांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते डोळ्यात बसवा. मग तेवढ्या तुकड्यांनी थवा मोजत जा. पाचशेच्या वर असेल तर पन्नासाचा तुकडा घ्या. डावीकडून उजवीकडे एकदा, उजवीकडून डावीकडे एकदा मोजा. दोन्हीत मोठी तफावत आली तर तिसऱ्यांदा मोजा.

पाण्यात बुड्या मारणाऱ्या पक्ष्यांचं गणित वेगळं. शेंडी बदक, लालसरी, चांदवा यांच्यातले काही कोणत्याही क्षणी पाण्याखालीच असतात. तिथे सरासरी काढू नका. तीनदा मोजून सर्वात मोठा आकडा लिहा. आणि अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव एकाच सकाळी फिरलात तरी तीन तलावांच्या तीन याद्या करा. एकत्र टाकल्या तर कोणता पक्षी कुठल्या पाण्यावर होता हे कायमचं हरवतं.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. तिच्यात असेच आकडे लागतात, आणि त्यात साध्या चांदव्याचा आकडा दुर्मीळ बदकाइतकाच मोलाचा असतो.

आमच्या हरभऱ्याच्या शेतात सकाळी मोठी पाखरं उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे आहेत. एकाच्या मानेत पट्टी दिसली. काही पाखरांना मात्र डोक्यावर पट्टेच नाहीत. ती दुसऱ्या जातीची का?
— वाचक, उमरेड तालुका

हे राजहंस आहेत, काही जण त्यांना पट्टकादंब म्हणतात. बिनपट्ट्याचे म्हणजे त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं. त्यांचा माथा आणि मानेची मागची बाजू सलग काळपट असते, पट्टे नंतर येतात. कुटुंब सगळा हिवाळा एकत्र राहतं, म्हणून पट्टेवाल्या जोडीजवळ दोन-तीन बिनपट्ट्यांची दिसतात. कलहंस समजून नोंद करू नका. कलहंसाची चोच आणि पाय गुलाबी असतात, राजहंसाचे पिवळ्या-नारिंगी वळणाचे.

मानेतली पट्टी संशोधकांनी घातलेली असते. मंगोलियात अशा पट्ट्या घातलेले राजहंस नागपूर परिसरात याआधी दिसले आहेत. पट्टीचा रंग, अक्षराचा रंग, त्यावरचा अंक-अक्षर, तारीख, वेळ, गावाचं नाव आणि थव्यात किती होते हे लिहा. अक्षर वाचता येत नसेल तर अंदाजाने भरू नका. ‘पहिलं वाचता आलं, दुसरं नाही’ असंच लिहा. ही माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

जवळ जायचं तर पायी नको. धुऱ्यापाशी गाडी उभी करून आतूनच बघा, गाडीला ते माणसाइतके बिचकत नाहीत. चरणाऱ्यांपैकी दोन-चारांनी माना ताठ केल्या की समजा, हद्द झाली. तिथेच थांबा, नाहीतर अख्खा थवा उठतो आणि दिवसभर त्या शेतात उतरत नाही. शेत तुमचं असल्याने एक गोष्ट सोपी आहे. बाहेरून येणाऱ्यांना कोणत्या धुऱ्यापर्यंत यायचं ते तुम्हीच ठरवा.

दुर्मीळ पक्षी सापडला तर जागा सगळ्यांना सांगावी का?
— वाचक, प्रतापनगर

उघड्या पाण्यावरचा पाहुणा असेल तर खुशाल सांगा. तो पाण्याच्या मध्यावर असतो, पाळीवर दहा जण उभे राहिले तरी त्याचं फारसं अडत नाही. घुबडाची दिवसाची बसायची फांदी, घरटं किंवा माळरानावर भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी रात्री जिथे उतरतात ती जागा मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका. ईबर्ड काही संवेदनशील जातींची जागा आपोआप झाकतं, व्हॉट्सॲप काहीच झाकत नाही. फोटो पाठवताना मोबाइलमधलं लोकेशन बंद आहे ना, तेही पाहा. लोक तिथेच फसतात.

आणि मोबाइलवर आवाज लावून पक्षी बाहेर काढायचा नाही. थंडीच्या सकाळी पोट भरायला मिळणारे दोन-तीन तास तो खोट्या प्रतिस्पर्ध्याला शोधण्यात घालवतो.

सेमिनरी हिल्सवर लालसर गळ्याचा छोटा माशीमार दिसतो. त्याच्यासारखाच दुसरा एक येतो म्हणतात. फरक काय?
— वाचक, धरमपेठ

एक लाल छातीचा माशीमार, दुसरा म्हणजे टायगा माशीमार. गळ्याच्या रंगावर जाऊ नका, माद्यांना आणि पिल्लांना तो नसतोच. चोच आणि शेपटीचं बूड पाहा. टायगाची चोच पूर्ण गडद असते आणि शेपटीच्या बुडाशी वरची पिसं शेपटीइतकीच किंवा तिच्याहून काळी असतात. लाल छातीच्या माशीमाराची खालची चोच बुडाशी फिकट आणि ती पिसं तपकिरी असतात. पक्षी शेपटी वर उडवतो तेव्हा मागून फोटो घ्या, तोच कामाचा.

संक्रांतीच्या आसपास मांज्यात अडकलेला पक्षी सापडला तर घरी काय करावं?
— वाचक, इतवारी

मांजा ओढू नका. नायलॉन पिसांत आणि मांसात रुतलेला असतो, ओढला की जखम वाढते. जखमेच्या दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा आणि रुतलेला तुकडा तसाच राहू द्या, तो पशुवैद्यच काढतील. जड कापड टाकून पक्षी पकडा, पंख अंगाशी मिटलेले ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्याला पेन्सिलीएवढी आठ-दहा भोकं पाडा, तळाला वर्तमानपत्र नको, पाय घसरतात, सुती फडकं घाला. झाकण लावा. अंधारात पक्षी शांत राहतो. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. भातही भरवू नका.

वनविभागाचा 1926 हा क्रमांक लावा किंवा खोकं सरळ सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या उपचार केंद्राला न्या. सापडलेली जागा आणि वेळ चिठ्ठीवर लिहून खोक्यालाच चिकटवा. पक्षी बरा झाला तर त्याला कुठे सोडायचं हे त्या चिठ्ठीवरून ठरतं.